भाजीवर फोडलेले अंडे

मराठीत 'तोंडीलावणे' हा शब्द ज्याने कोणी घडवला, त्याने आपल्या सगळ्या जेवणाची घटनाच एका शब्दात लिहून ठेवली आहे. ताटात मुख्य असते ती पोळी, भाकरी किंवा भात. बाकीचे सारे, मग ती भरली वांगी असोत, मेथीची परतून केलेली भाजी असो, की आठवड्यातून एकदा शिजणारी कोंबडी असो, त्या मुख्य घासाला सोबत म्हणून. घराघरांत रोज संध्याकाळी 'आज भाजी कुठली?' असे विचारले जाते. पोळी आहे की नाही, असे कोणी विचारत नाही. ती असणारच. अवचित पाहुणा आला आणि भाजी कमी पडली, तर चटणी-लोणच्यावर भागते. पोळ्या कमी पडल्या तर मात्र घरात धावपळ उडते आणि कणकेचा डबा पुन्हा उघडावा लागतो.

म्हणूनच रक्ततपासणीचा कागद समोर धरून डॉक्टर जेव्हा शांतपणे सांगतात, "पोळी-भात निम्म्यावर आणा," तेव्हा घरादाराचा चेहरा उतरतो. गोळीचे कोणाला फारसे काही वाटत नाही. गोळी पाण्याबरोबर गिळता येते. पण पोळी निम्मी केली तर उरलेले पोट कशाने भरायचे, हे डॉक्टर सांगत नाहीत, आणि त्यांच्या दाराबाहेर बसलेल्या तीस माणसांकडे पाहता त्यांना सांगायला सवडही नसते. मग घरी आल्यावर दोन पोळ्यांची एक होते, भाजी मात्र होती तेवढीच राहते, आणि संध्याकाळी सहा वाजता पोटात आग पडली की हात आपोआप चिवड्याच्या डब्याकडे जातो.

हे एका-दोघांच्या घरचे रडगाणे नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशभर केलेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. त्याच पाहणीतून २०२५ मध्ये आपल्या आहाराचा हिशेब पुढे आला. भारतीय माणसाच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात आणि प्रथिनांतून येतात जेमतेम १२ टक्के. त्यातली आणखी एक गोष्ट आपल्या भाकरीप्रेमी मंडळींनी मनाला लावून घ्यावी अशी आहे. पांढऱ्या तांदळाऐवजी गहू किंवा ज्वारी-बाजरी खाल्ली, पण पिष्टमय पदार्थांचे एकूण प्रमाण तेवढेच ठेवले, तर धोका कमी झाल्याचे दिसले नाही. भाकरी चांगलीच आहे. तिच्यात चोथा आहे, चव आहे. पण 'मी पोळी सोडली, आता तीन भाकऱ्या खातो' असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ३५ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात, हे ध्यानात घ्यावे.

आपले नेहमीचे दुपारचे ताट घेऊ. दोन मध्यम पोळ्या, म्हणजे साधारण ६० ग्रॅम कणीक, वाटीभर भात, बटाट्याची भाजी, वाटीभर वरण. एवढ्यात पिष्टमय पदार्थ शंभर ग्रॅमच्या पुढे जातात आणि प्रथिने कशीबशी १५ ते १८ ग्रॅम भरतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५०. दोन्ही वेळा असेच जेवून, मध्ये चहा-बिस्किटे घेऊन हा आकडा गाठता येत नाही. आणि हे वरण दाट असेल तर. पुष्कळ घरांतल्या वरणाची डाळ शोधावी लागते.

या पेचावर गेल्या काही वर्षांत उपाय सांगणाऱ्यांची वाण राहिलेली नाही. २०१८ च्या सुमारास तर 'दीक्षित की दिवेकर?' या प्रश्नावर लग्नाच्या पंगतीत वाद रंगत. एका बाजूला दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांत जेवण उरका म्हणणारे. दुसऱ्या बाजूला थोडे थोडे, वारंवार आणि आजीच्या पद्धतीचे खा म्हणणारे. मग 'कीटो' आले. अमेरिकेत १९२० च्या दशकात अपस्माराच्या रुग्णांसाठी योजलेला हा आहार शंभर वर्षांनी आपल्याकडे वजन उतरवायला आला, आणि येताना बदामाचे पीठ, ब्रोकोली आणि ॲव्होकॅडो घेऊन आला. पिष्टमय पदार्थ कमी करण्याची ही कल्पना त्याहूनही जुनी आहे. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचे एक स्थूल गृहस्थ होते. अंत्यविधीची व्यवस्था पाहणे हा त्यांचा धंदा. पाव, साखर, बटाटे आणि बिअर सोडून आपण बारीक कसे झालो, हे सांगणारी पुस्तिका त्यांनी १८६३ साली स्वखर्चाने छापली आणि ती इतकी गाजली की 'बँटिंग करणे' हे इंग्रजीत क्रियापदच होऊन बसले. गंमत अशी की, पुढे १९२१ मध्ये इन्सुलिन शोधून काढणाऱ्यांतही एक बँटिंगच होते.

या साऱ्यांत बरेवाईट काय, ते वैद्यकातल्या जाणत्यांनी ठरवावे. माझी तक्रार स्वयंपाकघरापुरती आहे. बदामाच्या पिठाची पोळी ही पोळीही नसते आणि बदामही नसते. फ्लॉवर किसून त्याला 'भात' म्हणायचे आणि त्यावर वरण ओतायचे, हा तर दोघांचाही अपमान. ज्या गोष्टीची सवय मोडायची, तिचेच सोंग ताटात आणून बसवले, तर जेवणारा पहिल्या घासालाच तुलना करतो आणि सोंग हरते. त्यापेक्षा भाजीलाच ताटाच्या मध्यभागी आणून बसवणारा, ज्याच्यासमोर पोळीची आठवण उशिरा होईल असा एखादा पदार्थ सापडला, तर मामला सोपा होतो. तो फार लांब शोधावा लागत नाही. मुंबईकरांच्या तर शेजारीच आहे.

पारशी स्वयंपाकात 'पर ईडू' नावाची एक मोठी बिरादरी आहे. गुजरातीत 'पर' म्हणजे वर आणि पारशी बोलीत 'ईडू' म्हणजे अंडे. कशावर तरी फोडलेले अंडे, एवढाच नावाचा अर्थ. भेंडीवर फोडले की 'भिंडा पर ईडू', टोमॅटोवर फोडले की 'टमाटा पर ईडू', मेथीवर, पालेभाजीवर, कांद्यावर, कशावरही. पारशी माणूस घरात शिल्लक असलेल्या कुठल्याही भाजीवर अंडे फोडू शकतो, असा विनोद ते स्वतःच करतात. आपण ज्याला तोंडीलावणे म्हणतो, ती भाजी इथे खालची जमीन होते, तिच्यावर अंडे बसते, आणि दोघे मिळून एक पूर्ण जेवण होते. पाव सोबत असला तर असतो. नसला तरी ताट रिकामे वाटत नाही.

ही युक्ती एकट्या पारशांची आहे असेही नाही. त्यांच्या मूळ देशात, इराणात, कोथिंबीर, शेपू आणि पातीसारख्या हिरव्या पाल्याच्या ढिगात थोडी अंडी घालून 'कुकू सब्जी' करतात आणि नवरोजच्या जेवणात ती मानाने वाढतात. कास्पियन समुद्राकाठच्या गीलान प्रांतातला 'मिर्झा गासेमी' म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्यांत लसूण, टोमॅटो आणि अंडी. खानदेशातल्या माणसाला हे ऐकून आपल्या भरताची आठवण यावी. ट्युनिसकडची 'शकशुका' टोमॅटो आणि मिरच्यांच्या रस्स्यात अंडी सोडून होते. पण मराठी स्वयंपाकघराला सगळ्यांत सोयीचे वाटते ते 'पर ईडू'च. कारण त्याची भाजी आपल्या ओळखीची, मसाला आपल्या डब्यातला आणि भांडी आपलीच.

तेव्हा भेंडीचे कसे करायचे ते सविस्तर सांगतो, कारण भेंडी जमली की बाकीच्या भाज्या त्या मानाने सोप्या. दोन माणसांना पाव किलो कोवळी भेंडी, एक मध्यम कांदा, एक लहान टोमॅटो, दोन-तीन हिरव्या मिरच्या, चमचाभर वाटलेले आले-लसूण, पाव चमचा हळद, मूठभर कोथिंबीर, तीन चहाचे चमचे तेल आणि चार अंडी लागतात.

भेंडीचा शत्रू पाणी. तिच्या अंगातला जो बुळबुळीत अंश असतो, तो पाणी मिळाले की फुगतो आणि त्याच्या तारा सुटतात. म्हणून भेंडी आधी अख्खी धुवायची, फडक्याने एकेक पुसून कोरडी करायची, शक्य तर तासभर पसरून ठेवायची आणि मगच चिरायची. चिरून धुणाऱ्याला देवही वाचवू शकत नाही. तेलात कांदा गुलाबी झाला की आले-लसूण आणि मिरची परतायची, हळद घालायची आणि भेंडीच्या चकत्या टाकायच्या. आता झाकण ठेवायचे नाही आणि मीठही घालायचे नाही. झाकणाखाली वाफ कोंडते, मिठाने पाणी सुटते. दोन्हींनी तारा वाढतात. मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटे, मधूनमधून उलथन्याने हलवत, भेंडी उघडीच परतायची. सुरुवातीला ती चिकटेल, तारा काढील, मन खट्टू करील. मग एका क्षणी तारा नाहीशा होतात आणि कडा तांबूस होऊ लागतात. तेव्हा मीठ, आणि मीठ मुरले की टोमॅटो. आपल्याकडे भेंडीत आमसूल किंवा ताक घालतात, तेच काम इथे टोमॅटोचा आंबटपणा करतो. टोमॅटोचे पाणी पुरते आटले पाहिजे. इथे घाई केली तर पुढे अंडी पाण्यात उकडल्यासारखी पांढरट, मिळमिळीत होतात, आणि मग लोक म्हणतात, 'भेंडीत अंडे? छे!'

भाजी पसरट भांड्यात, लंगडीत असेल तर उत्तम, बोटभर जाडीने सारखी करायची. पळीच्या पाठीने चार खळगे करायचे. अंडे कधीही थेट भाजीवर फोडू नये. आधी वाटीत फोडावे, पाहावे आणि मग खळग्यात अलगद सोडावे. चारांतले एक नासके निघाले तर वाटी धुता येते, भाजी धुता येत नाही. ज्यांना अंडी आधीच पारखायची असतील त्यांनी ती पाण्यात सोडून पाहावीत. ताजे अंडे तळाशी आडवे पडते, शिळे उभे राहते, आणि जे तरंगते ते टाकून द्यावे.

अंडी सोडली की आच अगदी मंद करायची आणि आता मात्र झाकण ठेवायचे. अंड्याला खालून भाजीची ऊब मिळते, पण वरचा भाग शिजतो तो वाफेनेच. पांढरा बलक साधारण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला घट्ट होऊ लागतो आणि पिवळा ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान. म्हणजे उकळीची गरजच नाही. मोठ्या आचेवर खालची भाजी करपते, पांढरा बलक रबरासारखा होतो आणि वरचा थर मात्र कच्चाच राहतो. आपल्या आया-आज्या कोरड्या भाजीवर ताटली ठेवून तिच्यात पाणी ओतत. त्या पाण्याने ताटलीची खालची बाजू थंड राहते, वाफ तिथे जमते आणि थेंबाथेंबाने परत भाजीवर पडते, त्यामुळे भाजी लागत नाही. हीच ताटली अंड्यावरही चालते. पाच-सहा मिनिटांत पांढरा भाग दुधासारखा घट्ट होतो. पिवळा बलक ओला ठेवायचा की घट्ट, ही ज्याची त्याची आवड. पण घरात म्हातारी माणसे, लहान मुले किंवा गरोदर बाई असेल तर आणखी दोन-तीन मिनिटे थांबून तो घट्टच करावा. कच्च्या अंड्यातून जंतूंची बाधा होऊ शकते. वर मिरपूड, चिमूटभर मीठ, कोथिंबीर.

ओघात तालमीतल्या मंडळींसाठी एक गोष्ट. कच्ची अंडी दुधात फोडून पिण्याने ताकद येते, अशी पुष्कळ पैलवानांची श्रद्धा असते. १९९८ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी हे मोजून पाहिले. शिजवलेल्या अंड्यातली सुमारे ९० टक्के प्रथिने आतड्यात पचली. कच्च्या अंड्यातली जवळपास निम्मीच. शिजवण्याचा आळस अंगाला लागत नाही.

भेंडीच्या जागी मेथी घ्यायची तर कांदा-लसूण सढळ हाताने घालावे आणि पाल्याचे पाणी आटू द्यावे. कांद्याची पात तर यासाठीच जन्माला आल्यासारखी वाटते. पाच मिनिटांत मऊ होते. पालक, कोबी, फ्लॉवर, ढोबळी मिरची सगळे चालते. दुधी आणि दोडका यांना पाणी फार सुटते, तेव्हा धीर हवा. वांगी भाजून भरत करून त्यावर अंडी फोडली, तर एरवी अंड्याकडे न पाहणारेही वाटी पुढे करतात. बटाटा, मटार आणि मका मात्र या कामाला नकोत, निदान ज्याच्यासाठी हा खटाटोप करायचा त्याच्या ताटात नकोत. पर ईडूंपैकी प्रसिद्ध प्रकार आहे 'सली पर ईडू', म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या काड्यांवर अंडी. तो अप्रतिम लागतो, आणि मधुमेह्याने तो शेजाऱ्याच्या ताटात पाहावा.

आता याचा हिशेब. एका मोठ्या अंड्यात सहा ग्रॅमच्या वर प्रथिने असतात, सुमारे ७० उष्मांक असतात आणि पिष्टमय पदार्थ एक ग्रॅमही नसतात. दोन अंडी, अर्धपाव भेंडी, अर्धा कांदा, अर्धा टोमॅटो आणि दीड चमचा तेल मिळून माणशी १५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने होतात, अंगी लागणारे पिष्टमय पदार्थ १२-१३ ग्रॅम, आणि उष्मांक पावणेतीनशे. बरोबर एक ज्वारीची भाकरी घेतली, तर प्रथिने २० वर जातात आणि पिष्टमय पदार्थ पन्नासच्या आत राहतात. मघाच्या ताटाच्या निम्म्याहून कमी, आणि पोट चार तास गप्प राहते. यासाठी ब्रोकोली लागत नाही, बदाम दळावे लागत नाहीत. भेंडी आणि अंडी तालुक्याच्या बाजारातही मिळतात.

एक सूचना मात्र चवीपेक्षा महत्त्वाची. जो माणूस इन्सुलिन घेतो, किंवा साखर खाली आणणाऱ्या काही ठरावीक गोळ्या घेतो, त्याने उद्यापासून एकदम पोळी-भात बंद केला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. आहार बदलण्याआधी औषधाचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनांचा आकडाही त्यांनीच सांगावा.

अंड्याचे नाव निघाले की डॉक्टरांच्या आधी घरातलेच कोणीतरी म्हणते, 'पिवळे काढून टाका हं!' ही भीती कुठून आली? अमेरिकेतल्या हृदयरोगविषयक संघटनेने १९६८ मध्ये आठवड्याला तीनपेक्षा जास्त पिवळे बलक खाऊ नयेत, असा सल्ला दिला. १९८४ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने मुखपृष्ठावर दोन अंड्यांचे डोळे आणि मांसाच्या पट्टीचे उतरलेले तोंड करून एक रडका चेहराच छापला. हे लोण आपल्याकडे पोचले आणि घट्ट रुजले. पुढे लक्षात आले की, रक्तातले कोलेस्टेरॉल बरेचसे यकृतच तयार करते आणि खाण्यातल्या कोलेस्टेरॉलचा परिणाम बहुतेकांत समजला जात होता तेवढा नसतो. तूप-लोण्यासारख्या संपृक्त स्निग्धांचा त्याहून जास्त असतो. अमेरिकेच्या सरकारी आहारसल्ल्यातून २०१५ मध्ये रोज ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची जुनी मर्यादा वगळली गेली. म्हणजे रान मोकळे झाले असे नाही. मधुमेह असलेल्यांत रोज अनेक अंडी खाण्याबद्दल अभ्यासकांचे एकमत नाही. ज्यांचे कोलेस्टेरॉल मुळातच जास्त आहे, त्यांनी विचारून खावे. पण निरोगी माणसाने पिवळा बलक कचऱ्यात टाकणे ही निव्वळ उधळपट्टी आहे. अंड्यातली चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने त्या पिवळ्यातच असतात, शिवाय अ, ड आणि ब-१२ ही जीवनसत्त्वेही. शाकाहारी घरांत ब-१२ ची चणचण किती असते, हे ज्यांनी इंजेक्शने घेतली आहेत त्यांना विचारावे.

तरीही पुष्कळ घरांत खरी अडचण कोलेस्टेरॉलची नसते. ती असते तव्याची. मराठी मध्यमवर्गात 'अंड्याचा तवा' नावाची एक स्वतंत्र वस्तू असते. ती गॅलरीत किंवा मोरीखाली राहते, तिचे उलथनेही वेगळे असते, आणि तिच्यावर आम्लेट करायचे ते आजी देवळात गेल्यावर.

अंडे शाकाहारी की मांसाहारी, या वादात एक नाव अनपेक्षितपणे येते. १९०२ साली गांधीजी मुंबईत गिरगावात राहत असताना त्यांचा जेमतेम दहा वर्षांचा मुलगा मणिलाल विषमज्वराने अंथरुणाला खिळला. डॉक्टर म्हणाले, औषधाचा फार उपयोग होणार नाही, अंडी आणि कोंबडीचे सूप द्यावे. हे डॉक्टर पारशी होते. गांधीजींनी नम्रपणे नकार दिला, पाण्याचे उपचार केले, आणि मुलगा वाचला. ही हकीकत त्यांनी आत्मकथेत सांगितली आहे. त्यानंतर चाळीस वर्षांनी, १९४२ मध्ये, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावर एक छोटी पुस्तिका लिहिली. तिच्यात ते अंड्याचा विचार पुन्हा करतात. कोंबड्याशी संबंध न येऊ देता कोंबडीकडून अंडी मिळवता येतात. अशा निर्बीज अंड्यातून पिल्लू कधीच निघत नाही. तेव्हा ज्याला दूध चालते, त्याला असे अंडे घेण्यात अडचण वाटू नये, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. त्यांनी स्वतः अंडी खाल्ली नाहीत. पण विचार करताना ते तव्यापाशी थांबले नाहीत.

आज बाजारात मिळणारी बहुतेक अंडी अशी निर्बीजच असतात. त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये हैदराबादेत सुरू केलेला कोंबडीपालनाचा उद्योग पुढे पुण्यातून वाढला, आणि दलालांनी भाव पाडल्यामुळे हैराण झालेल्या अंडी उत्पादकांना एकत्र आणून १९८२ मध्ये त्यांनी अंड्यांचे भाव ठरवणारी राष्ट्रीय समिती उभी केली. रोज अंडी खा म्हणणारी दूरदर्शनवरची जाहिरात ती याच समितीची. जाहिरात साऱ्या महाराष्ट्राला पाठ झाली. तवा मात्र पुष्कळ घरांत गॅलरीतच राहिला.

ही कुरबुर घरापुरती असती तर ठीक होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक दिवस अंडे, आणि न खाणाऱ्यांना केळे, देण्याचा निर्णय घेतला. त्यावर विरोधाचा धुरळा उडाला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्यासाठीचा पैसा देणे थांबवले आणि शाळांनी हवे तर लोकवर्गणीतून अंडी द्यावीत, असे सांगितले. ज्या मुलाच्या घरी वरणातली डाळ शोधावी लागते, त्याच्या गावात ही वर्गणी कोण देणार? न खाणाऱ्याचा मान राखायलाच हवा, आणि केळ्याने तो राखला जात होता. पण केळ्यात एक-दीड ग्रॅम प्रथिने असतात आणि अंड्यात सहा. ज्याला अंडे चालत होते, त्याच्या हातातून ते काढून घेतल्याने कोणाचे व्रत राखले गेले, ते मला समजलेले नाही.

आमच्या नात्यात एक काका आहेत. बँकेतून निवृत्त, जेवणाला चार पोळ्या, आणि मधुमेह दहा वर्षांचा. डॉक्टरांनी पोळीवर बोट ठेवल्यावर त्यांनी पंधरा दिवस घरात असहकार पुकारला. काकू शुद्ध शाकाहारी. भेंडीवर अंडे ही कल्पना त्यांच्या कानावर घातली, तेव्हा त्यांनी आधी 'शी!' म्हटले आणि मग विचारले, "भेंडी किती परतायची?" पहिल्या दिवशी काकांनी ती तीन पोळ्यांबरोबर खाल्ली. महिन्याभरात एका भाकरीवर आले, तेही काकूंनी मोजूनच वाढली म्हणून. डॉक्टरांनी त्यांची एक गोळी निम्मी केली. काका ते सोसायटीत सर्वांना सांगतात आणि त्याचे श्रेय स्वतःच्या मनोनिग्रहाला देतात.

तवा गॅलरीतून ओट्यावर आला तो याच काळात. पावसाळ्यात बाहेर उभे राहून अंडी करणे काकूंच्या गुडघ्यांना झेपेना, एवढेच त्याचे कारण. त्या स्वतः अजून अंडे खात नाहीत आणि खाणारही नाहीत. पण साठी उलटलेल्या बाईचे स्नायू झिजतात, तिलाही प्रथिने लागतात, हे डॉक्टरीणबाईंनी त्यांना बजावले आहे. त्यामुळे शेजारच्या लहान कढईत त्यांची तीच भेंडी, तशीच कोरडी परतलेली, शिजत असते. तिच्यावर त्या अंड्याऐवजी ५० ग्रॅम पनीर कुस्करून घालतात आणि तसेच झाकण ठेवतात. त्यातून आठ-नऊ ग्रॅम प्रथिने मिळतात. अंडी संपली की काका लगेच खाली उतरून डझनभर घेऊन येतात. पनीर संपले तर काकूंचे त्याच आणतात.